वर्ध्याचे खानखोजे आणि परदेशी गेलेले आपण



स्मरणिकेसाठी बहुतेक जण शाळेच्या आठवणी लिहिणार असे कळले. मी इतिहासावर लिहिते आहे, याचे इतिहासाच्या सरांना नवल वाटेल. सनावळ्यांनी मला दहावीपर्यंत छळले होते. पण ज्या माणसाबद्दल लिहायचे आहे तो आपल्या वर्धा जिल्ह्यातला, आणि मला तो भेटला थेट टोरांटोत.

मी कॅनडात आले तेव्हा इंजिनिअरिंगची पदवी आणि पुण्यातल्या सहा वर्षांच्या नोकरीचा अनुभव सोबत होता. जिथे अर्ज करावा तिथे एकच प्रश्न यायचा: इथला अनुभव आहे का? नोकरीशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही. आई कारंज्याहून फोनवर विचारायची, "काय करून राहिली बाई?" मी म्हणायची, मुलाखती चालू आहेत. खरे तर मी एका दुकानात गल्ल्यावर उभी राहत होते. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात बायोडेटा कसा लिहावा याचा मोफत वर्ग असे. त्याची वाट बघत बसले असताना गदर चळवळीवरच्या एका पुस्तकात ‘वर्धा’ हा शब्द दिसला आणि मी तिथेच थांबले.

ते होते पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म वर्ध्याचा, पुढचे शिक्षण नागपूरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते जपानमार्गे अमेरिकेत पोचले. इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठी लष्करी शिक्षण घ्यावे हा हेतू, आणि त्यासोबत शेतीशास्त्राचा अभ्यास. कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी शाळेत ते शिकले. ओरेगॉनमधील कॉर्व्हॅलिस आणि वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथे शेतीचे शिक्षण घेतले. १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर पक्षाच्या सुरुवातीच्या शिलेदारांपैकी ते एक. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजी फौजेविरुद्ध लढले, पकडले गेले, निसटले. पुढे बर्लिनला गेले. मायदेशी परतण्याची वाट बंद होती.

१९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत उतरले तेव्हा त्यांची स्थिती काय होती? पदवी अमेरिकेची, भाषा नवी, खिसा रिकामा, आणि मधली कितीतरी वर्षे युद्धात आणि भूमिगत अवस्थेत गेलेली. आजच्या भाषेत बायोडेटात मोठी ‘गॅप’. तिचे कारण लिहायचे तर ‘इंग्रजांविरुद्ध बंड’ असे लिहावे लागले असते!

त्यांना दार उघडून दिले ते जुन्या ओळखीने. अमेरिकेत असताना मेक्सिकन क्रांतीच्या बाजूच्या लोकांशी त्यांचा स्नेह जमला होता. त्यांपैकी रामोन दे नेग्री हे पुढे मेक्सिकोत कृषिमंत्री झाले. त्यांना माहीत होते की या माणसाला शेती कळते. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले.

ओळखीने दार उघडते, पण आत टिकायला काम लागते. खानखोजे स्पॅनिशमधून शिकवू लागले. मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले. मका म्हणजे मेक्सिकोची भाकरी. आपल्याकडे ज्वारी तशी. त्याच पिकावर परक्या देशातल्या माणसाने काम करावे आणि तिथल्या लोकांनी ते मानावे, ही साधी गोष्ट नव्हे. क्रांतीनंतर जमिनी मिळालेल्या गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर गरिबांच्या जेवणाचे चित्र रंगवले. त्यात मेजाच्या मधोमध भाकरी मोडणारा माणूस आहे, तो आपला वर्ध्याचा पांडुरंग.

स्वातंत्र्यानंतरही इंग्रजांच्या काळ्या यादीतले त्यांचे नाव लगेच पुसले गेले नाही, त्यामुळे परतण्यात अडथळे आले. अखेर १९५५ साली ते कुटुंबासह नागपूरला स्थायिक झाले आणि १९६७ साली तिथेच वारले. चापिंगोला त्यांचा पुतळा २०२२ साली उभा राहिला. कारंज्याहून नागपूर दोन तासांच्या आत येते, आणि मला त्यांचे नाव कळायला सातासमुद्रापार जावे लागले.

मलाही एका ओळखीनेच तारले. ग्रंथालयाच्या त्याच वर्गात शिकवणाऱ्या एका निवृत्त बाईंनी माझा बायोडेटा वाचला आणि म्हणाल्या, "तू काय शिकलीस ते लिहिलेस, काय बनवलेस ते लिही." मग त्यांनी स्वतः एका ठिकाणी माझ्याबद्दल शब्द टाकला. मुलाखत मात्र माझी मलाच द्यावी लागली.

नियमही हळूहळू बदलतात. परदेशात शिकलेल्यांना व्यावसायिक परवाना न्याय्य पद्धतीने मिळावा म्हणून ओंटारिओ प्रांताने २००६ साली कायदा केला. तरी अभियंत्यांच्या परवान्यासाठी कॅनेडियन अनुभवाची अट उरली होती. ती तिथल्या परवाना संस्थेने २०२३ साली काढली. माझ्या सॉफ्टवेअरच्या कामाला तो परवाना लागत नाही, पण सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांची किती वर्षे त्या एका अटीपायी गेली, हे मी जवळून पाहिले आहे. कायदा बदलायला सतरा वर्षे लागली. शब्द टाकायला एक फोन पुरतो.

आता दर शनिवारी सकाळी मी त्याच ग्रंथालयात नव्याने आलेल्यांचे बायोडेटा वाचते. त्यात नायजेरियाचे असतात, फिलिपिन्सचे असतात, पण कारंज्याचे अजून कुणी आलेले नाही.

म्हणून एक मागणे. आपल्या शाळेतून पुढे गेलेले कुणीही परदेशी निघाले, मग ते कुठल्याही बॅचचे असो, तर आपल्या ग्रुपवर कळवा. आपण आता पाच-सहा देशांत पसरलो आहोत. ज्याच्या क्षेत्रातले असेल त्याने ते वाचावे. आणि इतिहासाच्या सरांना विनंती: पुढच्या वर्गांना खानखोजे जरूर सांगा. त्यांची सनावळी मी पाठ केली आहे, हवी तर तोंडी परीक्षा घ्या.