लिव्हअबोर्ड डायव्हिंग ट्रिप: योग्य बोट कशी निवडावी आणि ‘बोट लागू’ नये म्हणून काय करावे?

“डॉक्टर, पुढच्या महिन्यात मालदीवला सात दिवस बोटीवर राहून स्कुबा डायव्हिंग करायचे आहे. पण मला तर महाबळेश्वरच्या घाटातही गाडी लागते. काय करू?”

तारकर्ली किंवा अंदमानला डायव्हिंगची गोडी लागलेले लोक पुढे लिव्हअबोर्ड ट्रिपचा विचार करतात, आणि मग हा प्रश्न दवाखान्यात येतो. बहुतेक वेळा तोपर्यंत पैसे भरून झालेले असतात. खरे तर बोट लागण्याचा बराचसा बंदोबस्त ट्रिप निवडतानाच करता येतो आणि उरलेला बोट सुटण्याआधी. उलट्या सुरू झाल्यावर आपल्या हातात फार थोडे उरते.

लिव्हअबोर्ड म्हणजे काय?

या ट्रिपमध्ये जेवण, झोप आणि डायव्हिंग सगळे एकाच बोटीवर असते. साधारण आठवडाभर, दिवसाला तीन-चार डाइव्ह होतात. त्रास झाला तर संध्याकाळी किनाऱ्यावर परतण्याची सोय नसते.

बोट का लागते?

आपला तोल अंतर्कर्ण, डोळे आणि स्नायूंकडून येणाऱ्या संदेशांवर अवलंबून असतो. केबिनमध्ये बसल्यावर डोळ्यांना सगळे स्थिर दिसते, पण अंतर्कर्णाला हेलकावे जाणवतात. या विसंगतीमुळे जांभया, तोंडाला पाणी सुटणे, थंड घाम, मळमळ आणि उलट्या होतात. हा मनाचा कमकुवतपणा नाही. मायग्रेन असणाऱ्यांना आणि गरोदर स्त्रियांना हा त्रास जास्त होतो. बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत हेलकाव्यांना सरावते.

ट्रिप निवडताना काय पाहावे?

* मार्ग: मालदीवमध्ये माले, आरी, वावू या मध्यवर्ती अ‍ॅटॉलमधील मार्ग बऱ्याच अंशी प्रवाळकड्यांच्या आडोशाने जातात. दक्षिणेकडच्या मार्गांवर मोकळ्या समुद्राचे रुंद पट्टे ओलांडावे लागतात. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्रातील ब्रदर्स बेटांकडे जातानाही रात्रभर उघड्या समुद्रात प्रवास होतो. पहिल्या ट्रिपसाठी आडोशाचा मार्ग घ्या.
* हंगाम: मालदीवमध्ये साधारण डिसेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे तो खवळतो. त्या काळातील स्वस्त पॅकेज पाहताना हे लक्षात ठेवा.
* डायव्हिंगची पद्धत: मालदीवमध्ये डाइव्हसाठी बहुधा वेगळी ‘धोणी’ असते. सिलिंडर आणि कॉम्प्रेसर तिच्यावर असल्याने राहण्याच्या बोटीवर त्यांचा आवाज आणि धुराचा वास कमी येतो.
* केबिन: बोटीच्या मध्यभागी, खालच्या डेकवर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. पण तिथून बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आहे का, हे जरूर विचारा. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ या डाइव्ह बोटीला रात्री आग लागली आणि खालच्या डेकवर झोपलेल्यांसह ३४ जणांचा मृत्यू झाला. रात्री फिरता पहारा असतो का आणि बॅटऱ्या कुठे चार्ज करतात, हेही विचारा.
* वैद्यकीय सोय: बोटीवर १०० टक्के ऑक्सिजन आहे का? जवळचे रिकम्प्रेशन चेंबर कुठे आहे? आपल्या प्रवास विम्यात स्कुबा डायव्हिंग येते का? अनेक पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात.

दमा, हृदयविकार, मधुमेह, फिट्स, कानाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया झालेली असेल, तसेच वय ४५ च्या पुढे असेल, तर पैसे भरण्याआधी तपासणी करून घ्या. गरोदरपणात डायव्हिंग करू नये.

औषधे कोणती आणि कधी?

ही औषधे प्रतिबंधक आहेत. मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही आणि नीट शोषलीही जात नाही.

* मेक्लिझिन: निघण्याआधी १ तास. परिणाम २४ तासांपर्यंत टिकू शकतो.
* डायमेनहायड्रिनेट: अर्धा ते एक तास आधी. दर ६ ते ८ तासांनी पुन्हा घ्यावी लागते.
* सिनारिझिन: २ तास आधी. पार्किन्सनच्या रुग्णांनी टाळावी.
* प्रोमेथाझिन (उदा. अ‍ॅव्होमिन): आदल्या रात्री किंवा १ ते २ तास आधी. गुंगी बरीच येते.
* स्कोपोलामाइनची पट्टी: कानामागे, किमान ४ तास आधी. ३ दिवस चालते. तोंड कोरडे पडते, नजर धूसर होऊ शकते. पट्टी लावल्यावर हात धुवा.

काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर यातील कोणतेही औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका. घरातील इतरांची गोळी वापरू नका. मद्यपान टाळा.

घरात उलटीसाठी ठेवलेली ऑन्डान्सेट्रॉनची गोळी अनेकजण बॅगेत टाकतात. पोटाच्या संसर्गातील उलटीवर ती उपयोगी आहे, पण बोट लागू नये म्हणून तिचा फारसा उपयोग होत नाही. आल्याच्या वड्यांनी काहींना बरे वाटते, त्या जरूर ठेवा.

निवडलेले औषध आधी घरी, सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहा. किती झोप येते, डोळ्यांसमोर धूसर होते का, हे कळते. त्या दिवशी गाडी चालवू नका. शक्य असल्यास गेटवे ते मांडवा अशी एखादी बोटफेरी करून पाहा.

बोटीवर काय करावे?

* मोकळ्या हवेत, बोटीच्या मध्यभागी थांबा आणि क्षितिजाकडे पाहा.
* मोबाइल, पुस्तक, कॅमेऱ्याचा स्क्रीन टाळा.
* उपाशी राहू नका. बिस्किटे, टोस्ट, साधा भात थोडा थोडा खा.
* डिझेलच्या वासापासून दूर राहा.
* साहित्य शक्यतो बोट नांगरलेली असतानाच जोडून ठेवा.
* बरे वाटत नसेल तर केबिनमध्ये डोळे मिटून आडवे व्हा.
* उलट्या झाल्यास ओआरएस घोट घोट घ्या.

डाइव्ह केव्हा टाळावी?

पाण्याखाली गेल्यावर हेलकावे कमी होतात, म्हणून काहींना तिथे बरे वाटते. तरीही वारंवार उलट्या होत असतील, लघवी कमी आणि गडद होत असेल, गुंगी असेल किंवा नजर धूसर असेल तर डाइव्ह करू नका. औषधाच्या गुंगीत खोलवरच्या नायट्रोजनच्या गुंगीची भर पडते आणि निर्णय चुकू शकतो. पाण्याखाली उलटी झालीच तर रेग्युलेटर तोंडात घट्ट धरून त्यातूनच करा, पर्ज बटण दाबून तो साफ करा आणि साथीदाराला खूण करा. घाबरून वेगाने वर येऊ नका.

पैसे भरले आहेत म्हणून डाइव्ह करायलाच हवी, असे नाही. कुटुंबीयांनीही आग्रह करू नये.

ही उलटी बोटीमुळेच आहे ना?

हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. डाइव्हच्या आधी ठीक असलेल्या व्यक्तीला डाइव्हनंतर मळमळ किंवा उलटी झाली आणि सोबत पुढीलपैकी काही असेल, तर ‘बोट लागली’ म्हणून झोपवू नका:

* खोली फिरल्यासारखी तीव्र चक्कर, चालताना तोल जाणे
* अचानक ऐकू कमी येणे, कानात आवाज
* हातापायांत मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा
* सांधेदुखी, छातीत दुखणे, धाप, गोंधळल्यासारखे वागणे

हा डीकम्प्रेशन आजार किंवा अंतर्कर्णाची इजा असू शकते. डाइव्ह लगेच थांबवा, डाइव्ह प्रमुखाला सांगा, १०० टक्के ऑक्सिजन सुरू करायला सांगा आणि डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांशी संपर्क साधा. थोडे बरे वाटले तरी तपासणी टाळू नका.

परतताना

अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत. २४ तास ठेवले तर अधिक चांगले. त्यानुसारच परतीचे तिकीट काढा. जमिनीवर आल्यावर एक-दोन दिवस डोलल्यासारखे वाटू शकते. ते आपोआप जाते. मात्र महिनाभर टिकले, किंवा सोबत वरीलपैकी एखादे लक्षण असले, तर डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या प्रसंगी अजिबात थांबू नका.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध आणि त्याचा डोस आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.*