पाण्यांत सोडलेला कान

पुण्याच्या दक्षिणेस कात्रजचा तलाव आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यास, या तलावाचें पाणी जमिनीखालून बांधलेल्या नळानें शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरांतील हौदांपर्यंत आणलें गेलें. वरून चालणाऱ्यास हें वाहतें पाणी दिसत नसे. त्याची खूण एवढीच, कीं वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास उभारलेले होते. डोळ्यांआड असलेल्या पाण्याची वार्ता हवी असेल, तर वरून खालीं वाट ठेवावी लागते, हें त्या बांधणाऱ्यांनीं ओळखलें होतें.

अशा तलावांत पोहणारांस आणखी एक गोष्ट ठाऊक असते. उन्हाळ्याच्या दुपारीं वरचें पाणी कोमट लागतें. पण खालीं बुडी मारली, कीं अंगास एकदम गारवा झोंबतो. जणु एका पाण्यावर दुसरें पाणी पसरून ठेवलें आहे. तलावांत हा गमतीचा विषय आहे. समुद्रांत मात्र याच थराच्या आडोशानें माणसांचे प्राण गेलेले आहेत.

१९७१ च्या डिसेंबरांत भारत व पाकिस्तान यांचें युद्ध पेटलें, तेव्हां दीवच्या बाजूस शत्रूची एक पाणबुडी वावरत असल्याचा सुगावा भारतीय आरमारास लागला. तिचा माग काढण्यासाठीं 'खुकरी' आणि 'कृपाण' या दोन फ्रिगेट नौका मुंबईहून ८ डिसेंबरला निघाल्या. दोन्ही नौका मुळांत पाणबुड्यांच्या शिकारीसाठींच बांधलेल्या होत्या. पण ९ तारखेच्या रात्रीं शिकारी कोण आणि सावज कोण, हा क्रमच उलटला. 'हंगोर' ही फ्रेंच बनावटीची पाकिस्तानी पाणबुडी खोल पाण्यांतून या नौकांचा कानोसा घेत होती. तिचा पहिला पाणतीर 'कृपाण'च्या रोखानें सुटला, तो वायां गेला. दुसरा 'खुकरी'वर लागला, आणि अवघ्या कांहीं मिनिटांत ती नौका समुद्राच्या तळाशीं गेली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनीं इतरांस नौका सोडण्यास सांगितलें. स्वतः मात्र सोडली नाहीं. त्यांस मरणोत्तर महावीरचक्र देण्यांत आलें.

यानंतर कित्येक दिवस नौकांनीं आणि विमानांनीं 'हंगोर'चा पाठलाग केला. शोधार्थ गेलेलें एक अलिझे विमान १० डिसेंबरला शत्रूच्या लढाऊ विमानाकडून पाडलें गेलें. पाणबुडी मात्र निसटून कराचीस पोंचली.

एवढा शोध करूनहि ती कां सांपडली नाहीं, हें समजण्यास ध्वनीचा स्वभाव पाहिला पाहिजे. पाण्यांत प्रकाश फार खोल जात नाहीं. रडारच्या लहरी तर पृष्ठभागाशींच संपतात. ध्वनि मात्र हवेंत सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, तर समुद्रांत सुमारें १५०० मीटर. म्हणून पाणबुडी शोधणारें यंत्र, ज्यास सोनार म्हणतात, तें पाण्यांत ध्वनीचा ठोका सोडतें आणि प्रतिध्वनीची वाट पाहतें. परंतु वरचें पाणी उष्ण व खालचें थंड असेल, तर ध्वनीची वाट सरळ राहत नाहीं. ती थंड पाण्याकडे वांकते. नौकेच्या तळाशीं बसविलेल्या सोनारचा ठोका अशा रीतीनें खालीं वळून जातो, आणि थराखालीं कांहीं अंतरावर दबा धरून बसलेली पाणबुडी त्याच्या कक्षेबाहेर राहते. उष्ण कटिबंधांतील समुद्रांत ही अडचण फार जाणवते. थंड समुद्रांसाठीं आंखलेलीं यंत्रें घेऊन अरबी समुद्रांत उतरलेल्या नौकांचा पल्ला त्यामुळें तोकडा पडे. शिवाय नौकेच्या पंख्यांचा आवाज पाणबुडीस दुरून ऐकूं येतो. म्हणजे शोधणारी नौका आपल्या आगमनाची दवंडी स्वतःच पिटीत जाते.

यावर उपाय एकच होता. कान नौकेच्या तळाशीं न ठेवतां तो दोरास बांधून थराच्याहि खालीं सोडावयाचा, आणि तो धरणारा हात पाण्याबाहेर, पाणतीराच्या टप्प्यापलीकडे ठेवावयाचा. असा हात म्हणजे हेलिकॉप्टर.

ही कल्पना दुसऱ्या महायुद्धांत रुजली. अटलांटिक महासागरांत जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजांचा संहार करीत असतां, मे १९४३ मध्यें अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ 'बंकर हिल' नांवाच्या तेलवाहू जहाजावर सिकोर्स्कीचें हेलिकॉप्टर उतरवून दाखविण्यांत आलें. तें यंत्र नाजूक होतें. वैमानिकाखेरीज त्यास फारसें ओझें पेलत नसे. युद्धानंतर दोरावरच्या सोनारचे प्रयोग झाले, तेव्हांहि ओझ्याचाच प्रश्न आडवा आला. एका हेलिकॉप्टरास सोनार आणि पाणतीर हीं दोन्ही उचलवत ना. म्हणून त्यांच्या जोड्या निघत: एकानें शोधावयाचें, दुसऱ्यानें मारावयाचें.

पिस्टनच्या इंजिनाची जागा हलक्या आणि जोरकस टर्बाइन इंजिनानें घेतली, तेव्हां हा पेंच सुटला. ११ मार्च १९५९ रोजीं सिकोर्स्कीच्या 'सी किंग'नें पहिलें उड्डाण केलें. शोध आणि प्रहार हीं दोन्ही कामें तें एकटें करूं शके. इंग्लंडांतील वेस्टलंड कंपनीनें परवाना घेऊन, इंजिनें व उपकरणें आपलीं घालून, तें बांधावयास घेतलें. भारतीय आरमारानें निवडलें तें हेंच.

त्याची काम करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. दोन वैमानिक, एक निरीक्षक आणि एक सोनार चालविणारा, असे चौघे त्यांत बसतात. संशयित जागीं हेलिकॉप्टर लाटांच्या वर दहापंधरा मीटरांवर स्थिर होतें आणि तारेनें सोनार खालीं सोडतें. निरनिराळ्या खोलींवर तो थांबवून ऐकतां येतें. कांहीं न लागल्यास तार गुंडाळून तें पुढच्या जागीं झेंप घेतें. पुढची बुडी कोठें पडेल याचा अंदाज पाणबुडीस लागत नाहीं, आणि तिच्या वेगाच्या मानानें हेलिकॉप्टरचा वेग कितीतरी पटींनीं अधिक असतो. लक्ष्य सांपडलें, कीं ध्वनीचा माग घेत जाणारे पाणतीर टाकतां येतात. अंधाऱ्या रात्रीं, क्षितिज दिसत नसतां आणि खाऱ्या पाण्याचे तुषार उडत असतां असें अधांतरीं थांबणें माणसाच्या हातास जवळजवळ अशक्य. म्हणून तें काम स्वयंचलित यंत्रणा सांभाळते.

भारतीय आरमाराचें सी किंगचें पहिलें पथक कोचीस एप्रिल १९७१ मध्यें उभें राहिलें, म्हणजे युद्धापूर्वीं जेमतेम आठ महिने. परंतु 'खुकरी' व 'कृपाण' यांवर हेलिकॉप्टर उतरण्याजोगा डेकच नव्हता. कान आला होता. त्यास घेऊन फिरणारी लहान युद्धनौका अजून नव्हती.

ती उणीव मुंबईच्या माझगांव गोदीनें भरून काढली, हा या इतिहासांतील मराठी मुलुखाशीं निगडित भाग होय. या गोदींत बांधलेली 'निलगिरि' १९७२ सालीं आरमारांत आली. तिच्यावरील अलुएट हेलिकॉप्टर हलकें होतें. तें पाणतीर नेई. पण ऐकण्याचें काम नौकेच्याच सोनारवर राही. त्याच मालिकेंतील शेवटच्या दोन नौकांचा, 'तारागिरि' (१९८०) आणि 'विंध्यगिरि' (१९८१) यांचा, मागचा भाग मात्र बदलून त्यांवर सी किंग ठेवण्याची सोय करण्यांत आली. भरल्या वजनीं साडेनऊ टनांच्या घरांत जाणारें हें यंत्र हेलकावणाऱ्या डेकवर उतरवावयाचें, म्हणजे तारेनें पकडून खालीं ओढून घ्यावें लागे, आणि लगेच जखडावें लागे. पुढें १० डिसेंबर १९८३ रोजीं 'गोदावरी' दाखल झाली. तिच्यावर दोन सी किंग राहूं शकत. 'खुकरी' बुडाली त्यास त्या दिवशीं बारा वर्षें आणि एक दिवस झाला होता.

त्यानंतरचा क्रम सलग आहे. सुधारलेल्या सोनारचे आणि अधिक बळाचे सी किंग १९८८ च्या सुमारास आले. रशियन घडणीचीं कामोव्ह हेलिकॉप्टरेंहि विनाशिकांवर आलीं. कुलाब्याच्या तळाचें 'कुंजाली' हें नांव बदलून २००९ सालीं 'शिक्रा' झालें. १९७१ पासून राबलेल्या या घराण्याची जागा घेण्यासाठीं २०२० मध्यें चोवीस अमेरिकन 'सीहॉक' हेलिकॉप्टरांचा करार झाला, आणि त्यांचें पहिलें पथक मार्च २०२४ मध्यें कोचीस स्थापन झालें. यंत्रें बदललीं, तरी तार खालीं सोडून ऐकण्याचें तत्त्व तेंच राहिलें.

हेलिकॉप्टर म्हणजे रामबाण नव्हे. तें कांहीं तासच उडूं शकतें. वादळांत त्याचें चालत नाहीं. आणि कोणत्या दिशेस शोधावयाचें हें कोणी सांगितल्याशिवाय अफाट समुद्रांत तेंहि आंधळेंच असतें. त्या रात्रीं एखादें सी किंग जवळ असतें, तर 'खुकरी' खात्रीनें वांचली असती, असें म्हणणें धाडसाचें होईल. पण आपणांस ऐकूं येत नाहीं आणि शत्रूस आपण ऐकूं जातों, या असहाय स्थितींत तिच्या नाविकांस लढावें लागलें नसतें, एवढें निश्चित.

दीवच्या किनाऱ्यावर त्या नौकेचें स्मारक उभें आहे. समोरचा समुद्र वरून कात्रजच्या तलावासारखाच निवांत दिसतो. खालच्या गार थरांत काय आहे, हें वरच्या शांततेवरून कळत नाहीं. तें कळण्यासाठीं कान खोल सोडावा लागतो, ही शिकवण १९४ जणांनीं आपल्या प्राणांचें मोल देऊन मागें ठेवली आहे.