बर्फाची वाट पाहणारी माणसं

दिवाळी आटोपली की आपल्याकडे पंख्यांना सुट्टी मिळते आणि गोधड्या उन्हात पडतात. साधारण त्याच सुमाराला अमेरिकेच्या उत्तरेकडे, विस्कॉन्सिन, मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क अशा राज्यांत काही घरांच्या गॅरेजमधून पोलादाला धार लावल्याचा आवाज येऊ लागतो. ही धार सुरीला नाही, होडीला लावतात! होडी गोठलेल्या तळ्यावर चालवायची असते आणि तिच्या खाली तीन पाती असतात. तिकडे तिला आइसबोट म्हणतात.

माझा भाचा मॅडिसनला राहतो. त्याच्याकडून हा प्रकार प्रथम ऐकला. इतिहास शिकवण्यात जन्म गेलेला, त्यामुळे एखादी गोष्ट कुठून आली हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. मग वाचत गेले, आणि जे सापडलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

आधी ही होडी डोळ्यांसमोर आणा. मधे एक लांब, अरुंद लाकडी सांगाडा. त्याला काटकोनात एक आडवी फळी. फळीच्या दोन टोकांना दोन पाती, आणि तिसरं पातं पुढे किंवा मागे, सुकाणूला जोडलेलं. वर डोलकाठी आणि शीड. इंजिन नाही, ब्रेक नाही. आणि वेग? चांगल्या बर्फावर वाऱ्याच्या तीन-चारपट!

वाऱ्यानेच चालणारी वस्तू वाऱ्यापेक्षा जोरात कशी जाईल, असं वर्गातल्या एखाद्या चुणचुणीत मुलाने नक्की विचारलं असतं. त्याला मी सायकलचं उदाहरण दिलं असतं. वारा पडलेला असतानाही सायकल दामटली की तोंडावर वारा लागतो. तो आपल्याच वेगाने तयार झालेला. आइसबोट आडव्या वाऱ्यावर धावू लागली की तिच्या वेगाचा वारा आणि खरा वारा असे दोन्ही मिळून शिडावर येतात. त्यामुळे वेग वाढतो, वेग वाढला की शिडावरचा वाराही वाढतो. पाण्यातल्या होडीला पाणी अडवतं. बर्फावर पात्यांना अडवणारं फारसं काही नसतं.

ही कला मूळची डच लोकांची. त्यांच्याकडे कालवे गोठत, तेव्हा होड्यांना खाली पाती लावून ते जा-ये करत. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीच्या खोऱ्यात डच वस्ती होती, तिथे ही होडी रुजली. पकिप्सी गावच्या ऑलिव्हर बूथ याने १७९० साली बांधलेली होडी ही तिथली पहिली नोंद मानतात. एक चौकोनी खोकं आणि त्याखाली तीन पाती, बस्स.

पुढच्या शतकात मात्र नदीकाठच्या श्रीमंत घराण्यांनी हा छंद उचलला आणि होड्या अवाढव्य झाल्या. जॉन रूझवेल्ट यांची 'आइसिकल' जवळजवळ ६९ फूट लांब होती आणि तिला हजार चौरस फुटांहून अधिक शीड होतं. हडसनच्या काठाकाठाने रेल्वे जाते. १८७१ साली या आइसिकलने शिकागो एक्सप्रेसशी शर्यत लावून तिला मागे टाकलं, अशी हकीकत सांगतात. आगगाडी म्हणजे त्या काळातलं वेगाचं शेवटचं टोक. तिला कापडाच्या शिडाने हरवायचं म्हणजे काय थाट असेल!

या जॉन रूझवेल्ट यांचा पुतण्या म्हणजे अमेरिकेचे पुढे झालेले राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. त्यांनाही हा नाद होता. १९०१ साली आईने त्यांना 'हॉक' नावाची आइसबोट भेट दिली होती. हडसनचा बर्फ ज्याने अंगावर घेतलाय असा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. आणि याच माणसाने २१ डिसेंबर १९३६ रोजी आदेश काढला की तटरक्षक दलाने बर्फ फोडून बंदरं आणि जलमार्ग वाहतुकीसाठी खुले ठेवावेत. ज्या नदीवर त्यांची हॉक धावली, तिच्या मधल्या पात्रातही बर्फ फोडणारी जहाजं फिरू लागली.

हे वाचून मी जरा वेळ थांबले. यात दोष कुणाला देणार? थंडीत घरं ऊबदार ठेवायला इंधन हवं, ते बोटींनी यायचं, आणि बोटींना वाट हवी. राज्यकर्त्याने आपला छंद बाजूला ठेवून लोकांची गरज पाहिली. पण छंदाच्या बाजूने पाहिलं, तर काठापासून काठापर्यंत पसरलेलं ते मोठं मैदान गेलं ते गेलंच. मोटारी आल्यावर तसाही श्रीमंतांचा वेगाचा शौक तिकडे वळलेला होता. मोठ्या होड्या कोठारांत जाऊन पडल्या.

गंमत अशी की अगदी त्याच सुमाराला, १९३७ साली, दुसरीकडे या होडीचा पुनर्जन्म झाला, आणि तोही वर्तमानपत्राच्या कचेरीत! मंदीचा काळ होता. 'डेट्रॉइट न्यूज' या वृत्तपत्राची एक हौशी कारागिरांसाठी कार्यशाळा होती. तिथे सामान्य माणसाला घरच्या घरी बांधता येईल अशा छोट्या आइसबोटीचा आराखडा तयार झाला. लांबी १२ फूट, शीड ६० चौरस फूट, बसणारा एकटा, आणि मोडून मोटारीच्या टपावर बांधून नेता येईल अशी. वृत्तपत्राच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'डीएन' म्हणतात. आज अमेरिका आणि युरोपात मिळून शर्यतीची ही सर्वांत पसरलेली आइसबोट आहे. तिची जागतिक स्पर्धा एक वर्ष उत्तर अमेरिकेत, तर पुढचं वर्ष युरोपात असते. जी चैन नदीकाठच्या हवेल्यांची होती, ती गॅरेजमध्ये रंधा मारणाऱ्याच्या हाती आली.

आता तयारीचं सांगते, कारण मला खरं कुतूहल त्याचंच आहे.

शरद ऋतूत क्लबांच्या सभा सुरू होतात. जुन्या सामानाची देवघेव होते. कुणाला शीड हवं असतं, कुणाला डोलकाठी. नवख्याला जुने लोक होडी बांधायला मदत करतात. पात्यांना धार लावणं हे तर व्रतच! पात्यांचे संचही एकाहून अधिक असतात, कारण कडक बर्फाला वेगळी पाती आणि मऊ बर्फाला वेगळी. मग फळीवरची दोन पाती एकमेकांना अगदी समांतर बसवायची. त्यात केसभर फरक राहिला तरी होडी रखडते. तारा, दोर, खिळे तपासायचे. हेल्मेट काढून ठेवायचं. आणि गळ्यात अडकवायच्या दोन टोकदार मुठी विसरायच्या नाहीत. बर्फ फुटून माणूस पाण्यात पडला तर त्या बर्फात रोवून स्वतःला वर ओढून घ्यायचं असतं. एकट्याने जायचं नाही, हा पहिला नियम.

एवढं सगळं करून जायचं कुठे? ते कुणालाच माहीत नसतं! नुसती थंडी पुरत नाही. बर्फ निदान चार इंच हवा, घट्ट, गुळगुळीत. सर्वांत उत्तम तो काळा बर्फ, म्हणजे इतका पारदर्शक की खालचं काळं पाणी दिसतं. पण त्यावर जाड हिम पडलं की खेळ खलास, ऊन पडलं तरी खलास. म्हणून माणसं तळी तपासत हिंडतात, टोकदार दांड्याने बर्फ ठोकून पाहतात, एकमेकांना कळवतात. मोठ्या स्पर्धेचीसुद्धा जागा अगदी थोडे दिवस आधी ठरते. मग शेकडो मैल गाड्या हाकत सगळे तिकडे धावतात. आपल्या कोळी बांधवांना निदान नारळी पौर्णिमा पंचांगात लिहिलेली मिळते. यांच्या पंचांगात तिथीच नाही.

त्यात आता हवामान बदललंय. मॅडिसनच्या मेंडोटा तलावाच्या बर्फाच्या नोंदी १८५० च्या दशकापासून ठेवलेल्या आहेत. १८८०-८१ च्या हिवाळ्यात तो १६१ दिवस गोठलेला होता. २००१-०२ मध्ये अवघे २१ दिवस. हे दोन टोकाचे हिवाळे झाले, पण सरासरी पाहिली तरी दीडशे वर्षांत बर्फाचा काळ साधारण महिन्याने आखडला आहे. आणि तलाव गोठला म्हणजे होडी चालवता आलीच असंही नाही.

तरी धार लावणं थांबलेलं नाही. हडसनवर १९६० च्या दशकात काही जिद्दी माणसांनी जुना क्लब पुन्हा उभा केला, कोठारांतल्या होड्या बाहेर काढल्या. ज्या लाकडाला आपल्या हयातीत किती वेळा बर्फ लागेल हे ठाऊक नाही, त्याला ही माणसं व्हार्निश देत राहिली. आणि २०१४ च्या कडक हिवाळ्यात बॅरीटाउनजवळ नदीच्या कडेला बर्फ असा जमला की 'जॅक फ्रॉस्ट' आणि न्यूजर्सीहून आणलेली, १८८८ साली बांधलेली 'रॉकेट' या दोन महाकाय होड्या पुन्हा धावल्या. बर्फ आला त्या दिवशी होड्या तयार होत्या. आधीच्या कोरड्या वर्षांत कुणी कंटाळून फळ्या जळणाला दिल्या असत्या, तर त्या बर्फाचा काय उपयोग?

मला वाटतं, एखादी परंपरा टिकते ती उत्सवाच्या दिवशी नव्हे. उत्सव होईल की नाही याची खात्री नसताना जी तयारी चालते, तिच्यात ती टिकते. त्या तयारीतच म्हातारा माणूस पोराला धार कशी धरायची ते दाखवतो. प्रत्यक्ष बर्फावर तर जो तो वाऱ्याच्या वेगाने पळत असतो, तिथे शिकवायला कुणाला सवड आहे!

ही मंडळी एकमेकांचा निरोप घेताना 'थिंक आइस' म्हणतात. म्हणजे बर्फ मनात असू द्या. तळ्यावर असो वा नसो.