दोन घरची पाहुणी

लोणखेड्याच्या घरांत तापल्या तेलावर नंदुरबारची लाल मिरची पडली म्हणजे उठणारा ठसका हा खानदेशचा अनादि वारसा वाटतो. चीनच्या सेचुआन प्रांतांतील गृहिणीसही आपल्या कढईंतील ठसका तसाच पुरातन वाटतो. मोठ्या जाळावर, सतत हलवीत, झटपट परतण्याची चिनी रीत खरोखरच जुनी आहे. परंतु मिरची ही दोन्ही घरची पाहुणीच. मूळची अमेरिकेची ही मिरची १६ व्या शतकांत पोर्तुगीजांनीं गोव्यास आणली. चिनी ग्रंथांत ती १५९१ मध्यें आढळते, तीही शोभेचें झाड म्हणून. पुढें १८ व्या शतकाच्या आरंभीं क्वैचौ या डोंगराळ प्रांतांत मिठाचें दुर्भिक्ष्य असल्यामुळें गरिबांनीं तिलाच मिठाच्या जागीं बसविलें. याच प्रांतांत जन्मलेले तिंग पाओचन पुढें सेचुआनचे सुभेदार झाले व १८८६ मध्यें वारले. त्यांच्या ‘कुंगपाओ’ या किताबावरून, मिरची व शेंगदाणे घालून परतलेल्या कोंबडीस नांव मिळालें. त्यांतील शेंगदाणाही अमेरिकेचाच! लोणखेड्याच्या भाकरीवरील ठेचा आणि सुभेदाराच्या नांवाची ही कोंबडी यांचें नातें असें गरिबाच्या अळणी घांसापाशीं जाऊन पोंचतें.