बेताच्या पैशांतली बेफाम गाडी

साठी उलटल्यावर माणसाला काय काय सुचतं याची यादी केली, तर चारधाम, आत्मचरित्र आणि होमिओपॅथी यांच्या खालोखाल जुन्या मोटारीचा नंबर लागावा. मला मात्र नुसती जुनी मोटार नको होती, स्पोर्ट्‌स कार हवी होती! बुटकी, लांब नाकाची, दोन माणसांची, टप मागे टाकता येणारी. बजेट दोन लाख. मुक्काम शिरपूर. ही तीन वाक्यं मी एका दमात उच्चारली, तेव्हा आमच्या घरात ग्रहणात असते तशी शांतता पसरली.

गल्लीतल्या एका तत्त्ववेत्त्याने मात्र थेट मुद्द्यालाच हात घातला. "दोनच जण बसतस? मंग फटफटी काय वाईट शे?"

आता याला काय उत्तर देणार? उत्तर शोधायला म्हणून मी मोटारींचा इतिहास वाचायला घेतला, आणि वाचता वाचता जुन्या बाजाराचा एक साधा कायदा हाती लागला. जुनी वस्तू तीच स्वस्त मिळते, जी कधीकाळी नवी असताना भरपूर विकली गेली. इंग्लंडात एमजी कंपनीने १९६२ ते १९८० या काळात 'एमजीबी' नावाच्या पाच लाखांवर गाड्या काढल्या. त्याच वर्षांत ट्रायम्फ कंपनीच्या 'स्पिटफायर' तीन लाखांवर निघाल्या. बऱ्याचशा अमेरिकेत गेल्या, हे खरं. पण उरल्या त्याही थोड्याथोडक्या नव्हेत. त्यामुळे तिथला शाळामास्तर जुनी स्पोर्ट्‌स कार अशी निवडतो, जशी आपण भरताची वांगी निवडतो : हे नको, ते दाखवा, देठाशी किडकं आहे.

आपल्याकडे वांगीच पिकली नाहीत! स्वातंत्र्यापूर्वी अशा गाड्या संस्थानिकांच्या तबेल्यात, घोड्यांना हलवून रिकाम्या केलेल्या जागेत. नंतर आलं नियोजन. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स होतीच. मद्रासला स्टँडर्ड कंपनी आली. १९५३ साली सरकारने ठरवलं, की परदेशातून सुटे भाग आणून जे नुसती जोडणी करतात, त्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी तो गुंडाळला. मागे राहिलेल्यांनी ज्या मोटारी काढल्या, त्या सगळ्या कुटुंबवत्सल. आई, वडील, चार मुलं, आजी, ट्रंक आणि मांडीवर पापडाचा डबा. केसांतून वारा जाणे ही गरज कुठल्याच पंचवार्षिक योजनेत बसली नाही.

त्या मोटारीही मागितल्या आणि मिळाल्या असं नव्हतं. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावायचा. १९५९ च्या नियंत्रण हुकुमानंतर तर घेतलेली गाडी ठरावीक मुदतीच्या आत विकायलाही परवानगी लागे. कारण उघड होतं. साऱ्या जगात नवी मोटार फाटकाबाहेर पडली की तिची किंमत उतरते. आपल्याकडे ती चढायची! जुन्या गाडीला नवीपेक्षा जास्त भाव, हा अर्थशास्त्रातला चमत्कार आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी स्वस्त मोटार स्वतः बनवून दाखवली. तीही कारखान्यातून बाजारापर्यंत पोचली नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि रांग हलू लागली, पण मारुतीला स्पोर्ट्‌स कार म्हणणं म्हणजे सुदाम्याला सावकार म्हणणं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' नावाची एक खरीखुरी दोन माणसांची गाडी आपल्या देशात निघाली. फायबरग्लासचं अंग, रेनॉचं इंजिन. निघाल्या मोजक्याच. वर सांगितलेला कायदा इथेही लागू : ज्या मुळात थोड्या, त्यांचे सुटे भाग त्याहून थोडे. माझ्या दोन लाखांत त्यांतला काचेचा तुकडा शोधत फिरण्यापुरतं पेट्रोल आलं असतं.

शिवाय टप मागे टाकण्याचा प्रश्न. उघड्या मोटारीचा शोध ज्या देशात लागला, तिथे सूर्य हा पाहुणा आहे. शिरपुरात तो भाडेकरू आहे, आणि जागा सोडत नाही. मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांत टप उघडून आग्रा रोडने धुळ्याला जायचं, म्हणजे पोचेपर्यंत दोन्ही बाजूंनी भाजून व्हायचं. वर फक्त कांद्याची पात घालायची बाकी.

मग उरलं काय? उरली 'स्टँडर्ड हेराल्ड'. तरुण वाचकांसाठी सांगतो : ही इंग्लंडातली ट्रायम्फ हेराल्ड. मिशेलोत्ती नावाच्या इटालियन गृहस्थाने तिचं रूप रेखाटलं आणि १९५९ साली ती तिकडे आली. १९६१ पासून मद्रासला निघू लागली. तिकडे नाव 'ट्रायम्फ', म्हणजे विजय. इकडे येताच तिचं झालं 'स्टँडर्ड'. आपल्या एकूण धोरणाचं याहून थोडक्यात वर्णन मला तरी ठाऊक नाही. पण कुळ बघा. वर सांगितलेली स्पिटफायर ही याच हेराल्डच्या सांगाड्यावरून बेतलेली. म्हणजे आपली हेराल्ड ही स्पोर्ट्‌स कारची सख्खी थोरली बहीण, फक्त संसारात पडलेली. इंजिन ९४८ सीसी, जोर बेताचा. पण बॉनेट उघडलं की मडगार्डांसकट सगळं नाक मगरीच्या जबड्यासारखं पुढे उलटतं. आणि पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती पुरी वळते. शिरपूरच्या जुन्या गल्लीत ज्याने समोरून येणारी कापसाची गाडी पाहिली आहे, त्याला या पंचवीस फुटांची किंमत वेगळी सांगायला नको.

आमच्या मिस्त्रींचा कौल होता फियाटला. "काका, 'डुक्कर फियाट' घ्या. नाहीतर पद्मिनी. पार्ट मिळतात." मुद्दा वजनदार होता. पद्मिनी नवं शतक उजाडेपर्यंत कुर्ल्यातून निघत होत्या आणि मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली ती थेट ऑक्टोबर २०२३ अखेर. त्यामुळे फियाटचा नट न् नट कुठे ना कुठे सापडतो. मात्र हेराल्डचीही एक गंमत आहे. तिकडे स्पिटफायरचे शौकीन इतके, की तिचे बरेच भाग इंग्लंडात आजही नवे बनतात आणि त्यांतले पुष्कळ हेराल्डला बसतात. बहिणीबहिणींत साड्यांची अदलाबदल व्हावी, तसंच हे.

शेवटी तापीकाठच्या एका खेड्यात, गोठ्याशेजारी, कोंबड्यांनी भाडेपट्ट्याने घेतलेली एक हेराल्ड सापडली. घरच्या म्हाताऱ्यांनी ती हौसेने घेतलेली. ते गेले. मुलगा म्हणाला, "दिवाळीपर्यंत कोणी नेली तर ठीक, नाहीतर भंगारवाला तयारच आहे." कोंबड्या उठवून मिस्त्री आणि मी तपासणीला बसलो.

घेणाऱ्यांसाठी त्या दिवशीचं सार देतो. पत्र्याकडे बघू नका. हेराल्डचा पत्रा बोल्टांनी बसवलेला असतो, सुटा होतो, बदलता येतो. खाली वाकून सांगाडा बघा, विशेषतः बाजूला निघालेले हात. मुंबईच्या खाऱ्या हवेत ते गंजतात. खानदेशच्या कोरड्या उन्हात लोखंड टिकतं, फक्त रबर आणि गाद्या फुटाण्यासारख्या तडकतात. पुढच्या चाकाचा उभा खुंट तळाशी ज्या पितळी तुकड्याच्या आट्यांत फिरतो, तिथे गिअर ऑइल लागतं. आपल्याकडे सवयीने ग्रीस ठासतात. मग आटे झिजतात, खुंट गंजतो, आणि एक दिवस चाक गाडीशी काडीमोड घेतं. मागची चाकंही अशी जोडलेली, की वळणावर वेगात असताना एकदम पाय उचलला तर ती आत दुमडू पाहतात. तेव्हा बिजासन घाटात शहाणपणा नको. आणि सर्वांत आधी कागद : पुस्तकातला इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्याशी जुळलाच पाहिजे.

कागदांवरून आठवलं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत. पण अशी गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, दुरुस्तीला न्या, पेट्रोल भरायला न्या. भाजी आणायला नेऊ नका. ज्यांना भाजी आणायची आहे, त्यांनी साधी नोंदणीच राखावी आणि पाच पाच वर्षांनी तिची तपासणी करून घ्यावी. आम्हाला भाजी आणायची होती.

सांगाडा धड निघाला. मिस्त्री अर्धा तास गाडीखालीच होते. बाहेर आले तेव्हा पाठीला शेण लागलेलं, पण चेहऱ्यावर मात्र मी कधी न पाहिलेला आनंद. म्हणाले, "हिचं काम माझ्या उस्तादांनी केलंय काका. वायर बांधायची त्यांची गाठ ओळखतो मी. असं काम करणारा आता मी एकटाच उरलो. माझी पोरं काँप्युटर लावून गाडी बघतात." मग जरा थांबून म्हणाले, "पैसे कमी पडत असले, तर मजुरी मागाहून द्या."

माझ्याजवळ निवडीचा एक तक्ता होता : किंमत, ॲव्हरेज, सुटे भाग, असे बारा रकाने. त्यांत हा रकाना नव्हता. जुनी गाडी घेणारा खरं तर मिस्त्री निवडत असतो. गाडी त्याच्याबरोबर येते. तो आहे तोवर ती मोटार, तो गेला की भंगार.

सौभाग्यवतींनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, मागच्या सीटवरचं अंडं उचलून त्या मुलाच्या हातात दिलं आणि विचारलं, "चार जण बसतात ना?"

"बसतात," मी म्हणालो.

"मग द्या बयाणा. आणि मिस्त्रींची मजुरी मागाहून नको, आत्ताच द्या."