गुलाबांच्या शेतातला क्लास

अमेरिकेला दोन राष्ट्राध्यक्ष देणाऱ्या रोझवेल्ट घराण्याचा मूळ पुरुष शोधत मागे मागे गेलं, की आपण एका डच शेतकऱ्यापाशी येऊन थांबतो. क्लास मार्टेन्सन व्हान रोझेनव्हेल्ट. सतराव्या शतकाच्या मध्यावर तो न्यू ॲमस्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला आला. १६५२ च्या सुमारास त्याने मॅनहॅटनमध्ये साधारण ५० एकर शेतजमीन घेतली. त्याच भागात आज एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी आहे!

आता हे लांबलचक नाव सोडवून बघा. क्लास हे निकोलासचं घरगुती रूप. मार्टेन्सन म्हणजे मार्टेनचा मुलगा. 'व्हान' म्हणजे अमुक ठिकाणचा आणि रोझेनव्हेल्ट म्हणजे गुलाबांचं शेत. स्वतःचं नाव, बापाचं नाव, ठिकाण... 'व्हान' म्हणजे आपला 'कर'च की! फक्त आधी लागतो इतकंच.

त्या काळी बऱ्याच डच माणसांना कायमचं असं आडनाव नसे. बापाचं नाव लावलं की भागायचं. क्लास १६५९ च्या सुमारास वारला, तेव्हा त्याचा मुलगा निकोलस अगदीच तान्हा होता. १६६४ मध्ये गाव इंग्रजांकडे गेलं. पुढे याच निकोलसने 'व्हान' गाळून नुसतं रोझवेल्ट लावलं. बापाचा चेहराही ज्याला आठवत नसणार, त्याने बापाच्या नावातलं ठिकाण घराण्याला दिलं. त्याच्या योहानेस आणि याकोबस या मुलांपासून दोन शाखा फुटल्या. एकीत थिओडोर झाले, दुसरीत फ्रँकलिन.

आपण मराठीत सर्रास 'रूझवेल्ट' लिहितो. घरची मंडळी मात्र 'रोझ'च म्हणत आली. तेवढा गुलाब त्यांनी जपला.

पण आडनावाचा शोध नेहमीच असा निरागस नसतो. फ्रँकलिन राष्ट्राध्यक्ष असताना, हे घराणं मूळचं ज्यू आहे अशी कुजबुज त्यांच्या विरोधकांनी पसरवली. १९३५ मध्ये एका संपादकाला त्यांनी पत्रातून उत्तर दिलं. आशय असा, की फार पूर्वी आमचे पूर्वज ज्यू असतील, कॅथलिक असतील किंवा प्रोटेस्टंट. ते चांगले नागरिक आणि देव मानणारे होते का, यात मला जास्त रस आहे.

त्यांनी आरोप 'झटकला' नाही, हे मला फार आवडलं. झटकला असता, तर ज्यू असणं हा आरोपच आहे असं मान्य केल्यासारखं झालं असतं.

'मूळचे कुठले?' हा प्रश्न कधी ओळख वाढवायला विचारतात, कधी माणूस आपला की बाहेरचा हे ठरवायला. शब्द तेच असतात.

असो. तुमच्या आडनावाची काय गोष्ट आहे? जरूर सांगा.