‘पॉइंट टू-टू’चा मागोवा

पन्नास मीटरच्या रायफल नेमबाजीत दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. शर्टाच्या बटणाएवढं म्हणा. त्यावर झाडायची गोळी ५.६ मिलिमीटर, म्हणजे .२२ इंच जाडीची (म्हणून ‘पॉइंट टू-टू’), साध्या शिशाची, वजनाला अडीच ग्रॅमच्या थोडीशीच वर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर या गोळीने ४५१.४ गुण घेतले आणि थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून खेळायच्या प्रकारात, भारताला पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. त्याच्या हातातली रायफल आजची होती. काडतुसाची घडण मात्र १८८७ सालची.

मागे गेलं की आधी पॅरिस लागतं. १८४५च्या सुमारास लुई-निकोला फ्लोबेर या कारागिराने बंदुकीच्या टोपीतच छर्रा बसवला. बार वेगळा नव्हता. टोपीतल्या मसाल्याच्या जोरावरच छर्रा उडायचा. घरातल्या दिवाणखान्यात नेम धरायची हौस होती, तिच्यासाठी एवढं पुरेसं होतं. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने त्यात बार भरून ‘.२२ शॉर्ट’ काढलं आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने ‘.२२ लाँग रायफल’. हौशी क्लबात, छात्रसेनेच्या फायरिंगला आणि ऑलिंपिकच्या रेंजवर आजही हेच काडतूस चालतं.

याची खूण बुडाशी आहे. पितळेच्या नळकांडीचा काठ दुमडलेला असतो आणि पेटवणारा मसाला त्या पोकळ काठात भरलेला असतो. घोड्याची पिन काठ चेपते, मसाला पेटतो. काठ पातळ ठेवावा लागतो, म्हणून आतला दाबही बेताचाच ठेवावा लागतो. एकदा चेपलेलं काडतूस पुन्हा भरता येत नाही. पण धक्का नगण्य, आवाज कमी, किंमत थोडी. शिकाऊ माणसाला याहून चांगलं काय हवं?

लहान काडतुसाचा हा फायदा लष्करानेही हेरला. ब्रिटिश सैन्यात १८८०च्या दशकात मोठ्या रायफलीत मॉरिस ट्यूब ही लहान काडतुसाची नळी घालून सैनिकांकडून सराव करून घ्यायला सुरुवात झाली. पुढे .३०३च्या ली-एन्फिल्ड या लष्करी रायफलीला .२२ची नळी बसवून नंबर टू मार्क फोर ही सरावाची रायफल झाली. बाहेरून पाहिली तर युद्धातलीच, वजनही तसंच. आत मात्र चिमुकली गोळी. आपल्याकडच्या कॅडेटांच्या कित्येक पिढ्यांचा नेम तिच्यावर बसला.

याच घडणीच्या काडतुसांची दुसरी शाखा वेगळ्या वाटेने गेली: अर्धस्वयंचलित रायफल. १९०३ मध्ये विंचेस्टरने अशा काठात मसाला असलेल्या काडतुसाची पहिली अर्धस्वयंचलित रायफल विकायला आणली. बोल्ट कुठेही अडकवलेला नाही. त्याचं वजन आणि स्प्रिंग, एवढ्यावर तो बंद राहतो. गोळी सुटली की रिकामी पुंगळी त्याला मागे ढकलते आणि परतताना तो पुढचं काडतूस नळीत सारतो. दाब बेताचा असल्यामुळेच हे साधतं. १९६४ मध्ये रूगर कंपनीची १०/२२ आली. तिची नळी दोन स्क्रूंवर बसते. सुटी नळी, सुटा ट्रिगर, सुटा बट असा सगळा धंदाच तिच्याभोवती उभा राहिला.

टेबलावर वाळूच्या पिशव्या मांडून, त्यावर रायफल टेकवून नेम धरायचा बेंचरेस्ट हा खेळ आहे. माणसाच्या हाताची थरथर बाजूला काढली की परीक्षा उरते ती रायफलीची आणि काडतुसाची. तिथे या आपोआप भरणाऱ्या रायफलीचे दोष उघडे पडतात. न अडखळता भरता यावं म्हणून चेंबर थोडं सैल ठेवावं लागतं. मॅगझिनमधून सरकताना मऊ शिशाचं टोक धातूवर घासतं. बोल्ट दर वेळी तसाच, तेवढाच बसेल याची खात्री नसते. कारागीर मग चेंबर घट्ट करतात, जाड नळी लावतात, बोल्टचं तोंड तासून घेतात. हे कसब खरोखर कौतुकाचं आहे. तरी माझं मत स्पष्ट आहे: ही सगळी मेहनत हाताने एकेक गोळी भरण्यात जे आपसूक मिळतं, ते परत मिळवण्यासाठी चालते. ऑलिंपिकच्या पन्नास मीटर प्रकाराचा नियमही तेच सांगतो. दर गोळी हातानेच भरायची.

आपल्याकडे अर्धस्वयंचलित शाखा रुजली नाही. हाताने भरायची शाखा मात्र चांगली पसरली. १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना सुरू झाली आणि .२२ कॉलेजात पोचली. अंधेरी-बोरिवलीच्या काय, मुलुंड-घाटकोपरच्या काय, ज्या मुलांच्या घरात कधी बंदूक नव्हती, त्यांनी पहिल्यांदा बोल्ट ओढला तो कॅडेट म्हणून. पोटावर झोपायचं, बट खांद्याच्या खळग्यात, गाल बटावर, अर्धा श्वास सोडून ट्रिगरचा पहिला दाब घ्यायचा. पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या. नंतर कागदाशी जाऊन पाहायचं की पाचही छिद्रं किती जवळ पडली. मध्यावर लागणं पुढची गोष्ट. आधी पाचही गोळ्या एका जागी पडल्या पाहिजेत. या ग्रुपिंगमध्ये बेंचरेस्टचा गाभाच आहे.

१९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी जी पात्रता स्पर्धा गाठावी लागते ती त्यांच्याच नावाची, आणि नेमबाज तिला नुसतं ‘मावळंकर’ म्हणतात.

पुढची वंशावळ माणसांची. नौदलातून आलेले संजय चक्रवर्ती मुंबईत शिकवायला लागले. महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या वरळीच्या रेंजवर सराव करणारी अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे या त्यांच्या शिष्या. दीपालीताई २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशन खेळल्या आणि पुढे स्वप्नीलच्या प्रशिक्षक झाल्या. म्हणजे २०२४चं ब्राँझ या परंपरेत तिसऱ्या पिढीचं. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून खेळायच्या प्रकारात, ५९७ गुणांनी जागतिक विजेतेपद मिळवलं होतं.

या नेमबाजांच्या बऱ्याच रायफली जर्मनीतल्या उल्मच्या. आन्शुट्झ आणि वाल्टर या दोन्ही कंपन्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीतलं मूळ गाव सोडून तिथे आल्या. काडतुसं बहुधा ईली किंवा लापुआची. वरच्या पातळीवरचा नेमबाज आपली नळी कारखान्यात पकडीत अडकवून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून पाहतो आणि ज्या लॉटची छिद्रं सर्वात जवळ पडतात तोच विकत घेतो. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे पडतात. काठात मसाला किती सारखा पसरला, यावर बरंच काही अवलंबून असतं.

उपनगरात दहा मीटरची एअर रायफल एखाद्या हॉलमध्येही मावते. पन्नास मीटरला लांबी हवी, मागे भक्कम बांध हवा, परवाने हवेत. म्हणून उपनगरातल्या मुलांची सुरुवात एअर रायफलने होते आणि बहुतेकांची तिथेच थांबते. म्हणून सुटे भाग आणून घरी रायफल जोडायचा विचार मात्र कोणी करू नये. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्र बनवायलाच नव्हे, त्यात बदल करायलाही परवाना लागतो. .२२ हातात घ्यायची सरळ वाट छात्रसेनेचीच. ज्यांची मुलं यंदा अकरावीला जाणार आहेत त्यांनी प्रवेश घेतानाच विचारून घ्यावं, कॉलेजात छात्रसेना आहे का, आणि वर्षातून किती वेळा फायरिंगला नेतात.